मानकऱ्याला पळवायचं कसं

सोमवार, ४ मार्च

गेल्या आठवड्यात आम्ही दोघांनी रक्त तपासायला दिलं होतं, त्याचा निकाल आज मिळाला. डॉक्टरांनी आत बोलावलं तेव्हा मी नर्स लोसाशी गप्पा मारत होते. लोसा माझी शाळेतली विद्यार्थिनी. तिसरीत असताना भूगोलाच्या तासाला बाकाखाली कच्चा आंबा खायची, आणि आता लोकांना काय खायचं ते सांगते.

"तू बस, मेना. मी ऐकून येतो," असं म्हणून ताविता एकटाच आत गेला आणि बराच वेळ आलाच नाही. आला तेव्हा तोंड एवढंसं झालं होतं. माझ्या हातातली पिशवी त्याने आपण होऊन घेतली. लग्नाला इतकी वर्षं झाली, असं कधी घडलं नव्हतं.

"माझंच बिघडलंय," तो म्हणाला. "साखर वाढलीय, रक्तदाबही. हृदयावर ताण आहे म्हणे."

"आणि माझं?"

"तुझं काय, तू ठणठणीत आहेस." हे तो समुद्राकडे बघून म्हणाला. बिचाऱ्याला माझ्या डोळ्यांत बघवत नव्हतं.

लोसाने आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं, की नुसत्या गोळ्यांनी भागणार नाही. तीन गोष्टी करायच्या आणि तिन्ही मिळून करायच्या. पहाटे योगासनं, म्हणजे सांधे सुटतील आणि श्वास लांबेल. दम लागेल असं काहीतरी रोज, म्हणजे हृदय सुधारेल. आणि वजन उचलायचं, म्हणजे स्नायू साखर खातील. सगळं हळूहळू वाढवायचं. सांगताना ती सारखी माझ्याकडेच बघत होती. बरोबरच आहे, घरात करून घेणारी मीच ना!

"मी गावचा मानकरी आहे," ताविता म्हणाला. "रस्त्यावर उड्या मारू?"

संध्याकाळी लेकीला, करोलिनाला, ऑकलंडला फोन केला. पोरगी आधी रडली, मग चिडली. "ईस्टरनंतरच्या तपासणीला मी स्वतः येते. आकडे उतरले नसतील तर तुम्हा दोघांना घेऊनच जाईन. घराला कुलूप लावा आणि चला."

कुलूप कुठे लावू? आमच्या या बेटावर घरांना भिंती कुठे असतात? नुसते खांब आणि पडदे. मला तिच्या त्या बंद खिडक्यांच्या घरात जायचं नाही. माझे आईवडील इथे अंगणात पुरलेले आहेत. तेव्हा ताविताला बरं करणं भाग आहे. आणि त्याला कळू न देता करणं भाग आहे, कारण कळलं की तो करणार नाही.

बुधवार, ६ मार्च

राखेचा बुधवार, ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस. कपाळावर राख लावून परत येताना मला सिस्टर लुदोविका आठवली. हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावरून आमच्या आपियाच्या कॉन्व्हेंटमध्ये आली होती. बुटकी, सावळी, नाकात बोलायची. पहाटे आम्हा बोर्डर मुलींना अंगणात उभं करून सूर्याकडे तोंड करून वाकायला लावायची. हात वर, मग जमिनीला, मग एक पाय मागे, आणि प्रत्येक वाकण्याबरोबर एक लांब श्वास आणि प्रार्थनेची एक ओळ. मदर सुपीरियरने एकदा विचारलं, "हे काय चाललंय?" सिस्टर म्हणाली, "मदर, मुलींना नम्रता शिकवते आहे." मदर खूश झाली. त्या काळी माझी कंबर वेलीसारखी वाकायची. त्या अंगणातला ओल्या गवताचा वास अजून नाकात आहे.

मी ताविताला म्हटलं, "या उपवासकाळात आपण पहाटे वेगळी प्रार्थना करू. सिस्टर लुदोविकाची. अंग वाकवून."

तो नाही म्हणेल म्हणून मी उत्तरांची तयारीच करून बसले होते. पण तो म्हणाला, "करीन. पण तूही माझ्याबरोबर केलीस तर. तू नुसती बसून चुका काढणार असशील तर नाही."

मानकरी किती सहज फसला! उद्यापासून सुरू. शिवाय त्याने स्वतःहून डबाबंद मांस, आमचा लाडका पिसुपो, सोडलं. "माझ्यासमोर तू खाल्लंस तर मला मोह होईल," म्हणाला. म्हणजे मलाही सोडावं लागणार. प्रभूने चाळीस दिवस काढले, मी पिसुपोच्या डब्यावाचून काढीन. कठीण आहे.

रविवार, १० मार्च

पहाटेची प्रार्थना चालू आहे. ताविताचे हात जमिनीला सहज टेकतात, माझे गुडघ्याखाली जात नाहीत. मी त्याला म्हटलं, घाई करू नकोस, आजारी माणूस आहेस. "बरं," म्हणाला आणि माझ्याइतकाच वाकायला लागला. नवरा आज्ञाधारक झाला की काळजी वाटते.

वजन उचलण्याचा प्रश्न आज उमूने, म्हणजे आमच्या तापल्या दगडांच्या भट्टीने, सोडवला. रविवारच्या जेवणासाठी ती दर वेळी पुतण्याच लावतो. मी ताविताला म्हटलं, "हल्ली तारोचा कंद कच्चा राहतो. दगड नीट निवडलेले नसतात. पूर्वी तू निवडायचास तेव्हा कशी चव यायची!" झालं, मानकरी उठला आणि ओढ्याकडे गेला. मी टोपली घेऊन मागे. मला वाटलं होतं मी काठावर बसून देखरेख करीन. पण तो एक दगड उचलायचा आणि दुसरा माझ्या हातात द्यायचा. "हा बघ, वजनाला कसा आहे? तुला यातलं कळतं." कळतं म्हटल्यावर नाही कसं म्हणणार? मी पन्नास दगडांचं तरी वजन पाहिलं असेल. दंड भरून आले आहेत, पेन धरवत नाही.

तारो मात्र छान झाला होता.

गुरुवार, १४ मार्च

दम लागण्याचा उपाय सापडला! मला स्वतःचं कौतुक वाटतं आहे. उद्या त्याची कबुली देईन, आज वाटू दे.

संध्याकाळच्या 'सा'चा, म्हणजे प्रार्थनेच्या वेळच्या संचारबंदीचा, नियम पंचमंडळात कडक कुणी केला? ताविताने. फणसाच्या झाडाला टांगलेल्या रिकाम्या सिलिंडरवर पहिला ठोका पडला की लोकांनी घरी जायचं, आणि दुसरा पडला की प्रार्थना संपेपर्यंत रस्त्यावर कुणी दिसता कामा नये. सापडला तर दंड. गावातले तरणे गडी काठ्या घेऊन रस्त्याच्या कडेला उभे असतात. आणि त्यांना उभं कोण करतं? ताविताच. मग तोच रस्त्यावर सापडून कसं चालेल?

मी त्याला गावाच्या पार दुसऱ्या टोकाला पेलेनीसेकडे नेलं. तिची आणि माझी जुनी मैत्री, त्यामुळे बोलण्याला तोटा नाही. मी चटयांच्या विणीवरून सुरुवात केली, तिच्या सुनेवर आले. ताविता सूर्याकडे बघत होता. "मेना, निघू या." मी म्हटलं, "थांब रे, सुनेचं अर्धंच झालंय." शेवटी पहिला ठोका पडला आणि मानकरी ताडकन उठला. लुंगी वर खोचली आणि सुटला.

मागोमाग मी. त्याच्यासारखी हरणाच्या चालीने नव्हे, बदकासारखी. शाळेच्या वळणापर्यंत माझा श्वास पार वर चढला. तेवढ्यात तोच थांबला, छातीवर हात ठेवून म्हणाला, "मेना, मला जरा धाप लागलीय. हळू चालू या." मी आनंदाने हळू चालले. त्याला अजिबात घाम आला नव्हता. हे लक्षण चांगलं की वाईट, लोसाला विचारायला हवं.

दुसरा ठोका पडायच्या आत घरी पोहोचलो. उद्या पेलेनीसेच्या जावयाचा विषय काढीन.

मंगळवार, १९ मार्च

डॉक्टरांनी त्या दिवशी दोन डब्या दिल्या होत्या. एक ताविताची आणि एक माझी. माझ्या वयाच्या सगळ्याच बायकांना देतात म्हणे. माझी गोळी कडू. त्याची पांढरी, गोल आणि तिला पेपरमिंटचा वास येतो. तो ती चघळतो. हृदयाची औषधं हल्ली किती चांगली बनवतात! मी एक मागितली तर म्हणाला, "खुळी आहेस का? दुसऱ्याचं औषध घेतात का कधी?"

शनिवार, २३ मार्च

त्याला आज पकडलं. केळीच्या बागेत पानीकेके खात होता. ते गोल तळलेले, साखरेचे! हनुवटीवर साखर. मी ओरडले, रडले, म्हटलं, तुला मला विधवा करून त्या ऑकलंडच्या थंडीत पाठवायचंय का? तो इतका वरमला की उरलेले दोन डुकरापुढे टाकले. मग माझे डोळे पुसले आणि म्हणाला, "नाही पाठवत. तुला कुठेच नाही पाठवत." आवाज जरा वेगळाच होता. पश्चात्ताप झालेला दिसतो.

पेलेनीसे दुपारी म्हणाली, "काय गं, तू बारीक झालीस."

"नवऱ्याच्या काळजीने," मी म्हटलं.

"मग आमच्याही नवऱ्यांना काहीतरी होऊ दे की!"

पण खरंच माझी पुलेतासी कमरेत सैल झाली आहे. हल्लीचं कापड वाईट, दोनदा धुतलं की वाढतं.

गुरुवार, २८ मार्च

आजचं आजच लिहून ठेवते.

आज पेलेनीसेकडून निघायला फार उशीर केला. माझीच चूक. पहिला ठोका पडून गेला होता, तो गप्पांच्या भरात मला ऐकूच आला नाही. मग ताविता पळाला आणि मीही. फालोगोच्या घरासमोर आलो आणि माझ्या छातीत कुणीतरी दोर आवळला. मी मटकन रस्त्यावरच बसले.

आणि दुसरा ठोका पडला.

फालोगो ताविताच्या बरोबरीचा मानकरी आणि त्याचा पहिल्यापासूनचा वैरी. ताविताला गाठायची एवढी संधी त्याला आयुष्यात मिळाली नसेल. घराला भिंत नाही, त्याचं सगळं कुटुंब चटईवर प्रार्थनेला बसलेलं, आणि समोर आम्ही.

ताविताने धाव घेतली असती तर चार उड्यांत आमच्या आवारात पोहोचला असता. मी हाताने खूण केली, जा म्हणून. तो परत फिरला. माझ्याशेजारी डांबरावर मांडी घालून बसला, माझं डोकं खांद्यावर घेतलं.

काठीवाला सिआओसी धावत आला. तोही माझ्याच हाताखाली शिकलेला. हलक्या आवाजात म्हणाला, "बाई, उठा ना! मालक, आपण तरी उठा. मी आता काय करू? आपणच सांगितलंय, कुणालाही सोडू नका."

"मग सोडू नकोस," ताविता म्हणाला. "प्रार्थना चालू आहे. तोंड मिट."

मग त्याने जपमाळ सुरू केली. मोठ्याने नाही, माझ्या कानाशी. प्रत्येक वेळी म्हणायचा, "श्वास घे. आता हळूच सोड." सिस्टर लुदोविकाची पद्धत त्याला चांगलीच आली आहे. फालोगोची नातवंडं फिदीफिदी हसत होती. एक डुकरीण पिलांसकट आली, आम्हाला हुंगून गेली. दोर हळूहळू सुटला. ताविताचा हात मात्र बर्फासारखा गार पडला होता.

शुक्रवार, २९ मार्च

सकाळीच तो मला दवाखान्यात घेऊन गेला. "मला दाखवायचंय," म्हणाला. पण डॉक्टरांनी माझ्याच छातीला तारा लावल्या. म्हणे तुलनेसाठी निरोगी माणसाचं बघावं लागतं. बराच वेळ तुलना केली. माझ्या डबीत आणखी एक गोळी आली. ताविताला सांगितलं, पळणं बंद, भरभर चालायचं, दम लागला की थांबायचं, आणि हळूहळू वाढवायचं. मी म्हटलं, "डॉक्टर, मी लक्ष ठेवीन." डॉक्टर म्हणाले, "दोघं एकमेकांवर ठेवा."

सोमवार, १ एप्रिल

पंचमंडळ बसलं. बायकांना आत जागा नाही, पण पेलेनीसेचा नवरा आत असतो आणि त्याच्या पोटात काही राहत नाही.

फालोगो उठून म्हणाला म्हणे, "आपल्या गावात नियम करणाऱ्यांसाठी वेगळा रस्ता आहे का? असेल तर आम्हालाही दाखवा. आम्हीही संध्याकाळी बायकोला मांडीवर घेऊन बसू."

सगळे हसले. ताविता उभा राहिला आणि म्हणाला, "माझ्या छातीत कळ आली होती. मी बसलो, मेना माझ्यासाठी थांबली. दोष माझा एकट्याचा. दंड मीच सुचवतो. माझं मोठं डुक्कर."

ऐकून मला रडू आलं आणि रागही आला. कळ मला आली होती! पळाल्यावर कुणालाही येईल. माझी अब्रू झाकायला त्याने उपवासकाळात भर पंचमंडळात खोटं बोलावं? घरी आल्यावर मी म्हटलं, "तू पाप केलंस."

"फादरना सांगेन," तो म्हणाला. "या महिन्यात त्यांना सांगायला बरंच साठलंय."

डुक्कर गेलं. गावच्या वाटणीत फालोगोने त्याच्या मांड्या उचलल्या. ते डुक्कर मी ईस्टरसाठी वाढवलं होतं. आता आम्ही दुपारीच निघतो, भरभर चालतो, पेलेनीसेकडे न बसता उभ्यानेच बोलतो आणि परततो. सुनेचं सगळं तेवढ्यातही मावतं, हे मला आधी कळलं नव्हतं.

शुक्रवार, १९ एप्रिल

गुड फ्रायडे. क्रूसाच्या वाटेवर चौदाही थांब्यांना मी गुडघे टेकले आणि कुणाचाही हात न धरता उठले. गेली काही वर्षं मी बाकावर बसूनच करत असे. चौदाव्याला डोळ्यांतून पाणी आलं ते प्रभूसाठी की गुडघ्यांसाठी, ते मी फादरना सांगणार नाही. आजारी नवऱ्याची सेवा करणाऱ्याला देव अशी ताकद देतो. ताविता शेजारीच होता. प्रत्येक वेळी मी उठले की तो माझ्याकडे असा बघायचा, जसा आमच्या करोलिनाने पहिलं पाऊल टाकलं तेव्हा बघत होता.

दगड आता मी स्वतःच उचलते. त्याला मोठे देत नाही.

मंगळवार, ३० एप्रिल

करोलिना परवा आली. विमानतळावर तिची पेटी मी उचलली तेव्हा "आई, काय करतेस!" म्हणून ओरडली. तीच धापा टाकत होती. फार जाड झाली आहे पोरगी. दिवसभर कचेरीत खुर्चीवर आणि संध्याकाळी डब्यातलं खाणं. चटईवर बसायला गेली तर मांडीच घालता येईना. पाय लांब करून वर चादर घेऊन बसली, म्हाताऱ्यांसारखी. आमची तिकिटं तिने काढूनच आणली होती. ती तिने पर्समधून काढून माझ्यासमोर ठेवली. मी त्यावर उशी ठेवली.

आज तिघं दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी पुन्हा ताविताला एकट्याला आत बोलावलं. करोलिना बाहेर फोनवर बोलत होती. लोसा कागद हातात घेऊन माझ्याकडे आली आणि मला मिठीच मारली.

"बाई! केवढे उतरले तुमचे आकडे! हृदयाचा आलेखही सुधारला. माझा विश्वास बसत नाही."

"माझे?" मी म्हटलं. "त्याचे सांग."

"मालकांचे? त्यांचे चढले कधी होते? ते तर विशीतल्या पोरासारखे..." आणि लोसाने तोंडावर हात ठेवला. तिसरीत आंबा सापडायचा तेव्हा ठेवायची तसाच.

मी बाकावर बसले. पेपरमिंट. तुलना. डांबरावरचा तो गार हात. सगळं एकामागून एक येऊन माझ्याजवळ बसलं. मला वाटत होतं मी त्याला पळवते आहे. मी त्याच्यासाठी करीन, स्वतःसाठी कधीच करणार नाही, हे त्या माणसाला माझ्या आधी माहीत होतं. मला इतका राग आला, की आत जाऊन सगळ्यांदेखत त्याचा कान धरावासा वाटला. मी उठलेसुद्धा.

तेवढ्यात करोलिना फोन ठेवून आली आणि धप्पकन लोसासमोर बसली. लोसाने सवयीने तिच्या दंडाला पट्टा गुंडाळला. पट्टा फुगला आणि यंत्र ओरडायला लागलं. लोसाने आकडा बघितला, कागदावर लिहिला, आणि नेमका त्याच वेळी बाहेर आलेल्या ताविताला दाखवला.

ताविताने आकडा वाचला. मी बघत होते. क्षणभर त्याचा चेहरा खरोखर उतरला. मग त्याने तो नीट करून पुन्हा उतरवला, या वेळी हळू, पाहणाऱ्याला दिसेल असा. छातीवर हात ठेवला.

"करोलिना," तो म्हणाला, "माझं काही खरं नाही गं. डॉक्टर म्हणतात, रोज चालायला हवं, वाकायला हवं, वजन उचलायला हवं. आणि तुझी आई तर थकली आता माझ्यामागे. मला एकट्याला होत नाही."

"बाबा! मग चला ना माझ्याबरोबर!"

"विमानात बसायचं नाही म्हणतात. निदान काही महिने."

करोलिनाने घाबरून माझ्याकडे पाहिलं. "आई, खरं?"

ताविताही माझ्याकडे बघत होता. लोसा त्याच्यामागे भिंतीला चिकटून उभी होती, डोळे मिटून. त्याला कळलं की मला कळलं आहे. इतक्या वर्षांत मी त्याला इतका घाबरलेला कधी पाहिला नव्हता, फालोगोसमोरसुद्धा नाही.

"खरं आहे, बाळ," मी म्हटलं, आणि सिस्टर लुदोविकाने शिकवला तसा एक लांब श्वास घेतला, नाहीतर हसू फुटलं असतं. "फार नाजूक झालाय तुझा बाबा. तू काही दिवस राहिलीस तर जगेल."

पोरगी रडली. मग नाक पुसून कचेरीला फोन लावला आणि रजा वाढवून मागितली. घरी परत जाताना ताविता माझा हात धरायला आला. मी धरू दिला, पण नखं रुतवून. त्याच्याशी मला भांडायचं आहेच, चांगलं कडाडून भांडायचं आहे. पण घराला भिंती नाहीत, करोलिनाला सगळं ऐकू जाईल. तेव्हा भांडण ती बरी होऊन जाईपर्यंत पुढे ढकललं आहे.